घडीचा डाग

धुळे, १२ एप्रिल १९७३

प्रिय सकीना,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालावंसं वाटेल. आधी वाच, मग खुशाल घाल.

मेहरूणमधल्या तुमच्या घराच्या ओसरीवर आपण दोघी तुझ्या अब्बांजवळ, म्हणजे माझ्या चाचांजवळ, बसून जुने नकाशे उतरवायचो. तुझी रेघ सरळ, माझी नुसती बडबड. नकाशांच्या इतिहासाचं वेड मला तिथंच लागलं. आमचे नेमीचंदकाका म्हणायचे, दुकानदाराच्या पोरीला हे भिकेचे डोहाळे कशाला!

पांझराकाठच्या एका गावाचा शंभर वर्षांचा कापडी नकाशा होता, चाचांनी त्याची नक्कल केली होती. शाई ओली असताना कापडाची घडी पडली, की एका बाजूची खूण दुसरीकडे उमटते, हे त्यांनीच मला शिकवलं. आणि मी ते त्यांच्यावरच उलटवलं. नदीच्या अलीकडची विहीर म्हणजे पलीकडच्या विहिरीचा घडीत उमटलेला डाग, तो विहीर समजून उतरवला ही ‘नकलकार नूर महंमद यांची’, म्हणजे चाचांची, ‘चूक’, असं प्रबंधात लिहिलं. चाचा एवढंच म्हणाले, “बेटी, लहानपणी मी त्या विहिरीचं पाणी प्यालोय. पुरात बुजली ती.” मी शहाणी, म्हटलं, आठवण हा पुरावा नसतो. मला पदवी मिळाली. चाचांनी पुन्हा टाक हातात धरला नाही, आणि दोन वर्षांनी गेले. तू मला कळवलंही नाहीस. बरोबरच केलंस.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावच्या झुलाल आबांनी नकलेतल्या त्याच विहिरीवर बोट ठेवून मला विचारलं होतं, इथं खणू का? मी म्हटलं, तो नुसता डाग आहे. सबंध वर्ष बाया कोसभर पाण्याला गेल्या. शेवटी यंदा आबांनी माझं न ऐकता चाचांची नक्कल घेऊन खणलं. आठ हातांवर जुनं दगडी बांधकाम लागलं, बाविसाव्या हातावर पाणी. मी गेले तेव्हा हंडे भरत होते. आबा म्हणाले, “हाई चाचानी विहीर शे.” चाचांची विहीर! मी तिथंच बसून रडले गं.

ती चूक माझी होती, असं छापून देणार आहे. पण पत्र त्यासाठी नाही. त्या विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून आणलंय. कबरस्तानात आपल्याला बायकांना जाता येत नाही. तुझ्या भावाला, नासीरला, मी ते परस्पर दिलं असतं, पण तुझ्या होकाराशिवाय धीर होत नाही. रविवारी भुसावळला तुझ्या घरी येते. मला घरात घेऊ नकोस हवं तर, बाटली तेवढी दारातून घे. नासीर ती चाचांच्या कबरीवर शिंपडेल. त्यांना पाण्याची चव ओळखता येईल.

तुझीच, तू म्हणशील तर,
राजकुंवर