कोपऱ्यातल्या शेळ्या

१२ एप्रिल

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. प्रयोगशाळेतला पंखा पुन्हा बंद पडलाय आणि आमच्या मॅडम अजूनही स्वतःचा चहा समजून माझा पितात. फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात मी ‘शेळ्या कुंपणापासून लांब बांध, खाटकाला थांबव’ एवढंच म्हटलं आणि तू चक्क ऐकलंस! दोघी चारा खायला लागल्या हे ऐकून फार बरं वाटलं. आता कारण सांगते.

साथबीथ काही नाही. माना थरथरणं, झोकांड्या जाणं, हे सगळं कुंपणाच्या बेशरममुळे. दारावरच्या निळ्या वेलीच्या गोतातलंच ते झाड. माझ्याकडे तपासायला आलेल्या पानांत स्वेनसोनिन नावाचं विष सापडलं. रेणू एवढासा, दोन कडी एकमेकांना चिकटलेली, सांध्यावर नायट्रोजन. पण अंगातल्या एका साखरेशी त्याचा तोंडवळा इतका जुळतो, की ती साखर तोडणारं एन्झाइम फसतं आणि यालाच धरून बसतं. मग खरी साखर न तुटता पेशींत साठते, मोरी तुंबावी तशी. गंमत म्हणजे हे विष झाड करतच नाही, त्याच्या आत राहणारी बुरशी करते. मी उगाच झाडाला शिव्या घातल्या.

तू म्हणशील, शेळी बेशरमला तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला लावलं. खरं आहे. पण चारा आटला की एखादी कुरतडते, आणि चटक लागली की मग तेच शोधते.

आता दोन पानं जे टाळलं ते लिहिते. साथ समजून आजारी शेळ्या तू वेगळ्या बांधल्यास, त्या नेमक्या कुंपणाच्या कोपऱ्यात. तिथे त्यांना दुसरं काय मिळणार? म्हणून त्या जास्तच खालावल्या. त्यांचं दाणापाणी वहिनी करायची, तर तू तिलाच म्हणालास, ‘तुझ्या हाताला गुणच नाही.’ ती माहेरी निघून गेली.

दादा, कुंपण तू लावलंस आणि कोपराही तूच निवडलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण तिच्या हातात काहीच दोष नव्हता.

त्या पांढरतोंडी शेळीबद्दल छातीठोकपणे सांगत नाही, तिची मान फार दिवस हलतेय. बाकीच्या बहुतेक सुधारतील.

आणि बेशरमची ती पानं मला गुरांच्या डॉक्टरांनी पाठवली असं तू धरून चाललायस. वहिनीनं पाठवली. निघताना पांढरतोंडीच्या तोंडातली अर्धवट चावलेली डहाळी तिनं काढून घेतली आणि माहेरहून टपालानं धाडली. सोबत दोनच ओळी: ‘वन्सं, एवढं बघा. माझं नाव सांगू नका, नाव ऐकलं की ते ऐकायचे नाहीत.’

मी सांगितलं. काल तिला फोन केला तर पहिला प्रश्न, ‘पांढरतोंडी उभी राहते का?’ म्हटलं, येऊनच बघा की. ती नाही म्हणाली नाही, दादा.

कुंपण नंतर उपट. ते कुठे पळून जात नाही. आधी तिला आणायला जा.

तुम्हा दोघांची,
धाकटी