चोआ चू कांगमधलं केळवण

चि. श्रीधर यास,

मधुताईचे आशीर्वाद. (साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहावं का, असं क्षणभर मनात आलं होतं, पण तू माझ्यापेक्षा लहान आहेस आणि सध्या वागतोयसही लहान मुलासारखाच, म्हणून राहू दिलं.) तुझा गुडघा कसा आहे? नीताचं पित्त? ती आमसुलाचं सार घेते आहे ना, की तुझ्याबरोबर पुन्हा बटाटेवडे सुरू झाले? माझी तब्येत इथे ठणठणीत आहे. फुटपाथ सपाट, लिफ्ट चालू, आणि बसमध्ये चढलं की चांगली शिकलीसवरलेली पोरं "आंटी, आंटी" करत उठून जागा देतात. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "ताई, मुद्द्यावर ये" म्हणतोस आणि व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून पत्र. यात तुला मध्ये बोलायची सोय नाही.

आता मुद्दा. गणपतीत वरुणनं तुला फोनवर सांगितलं की त्याचं एका मुलावर प्रेम आहे, तेव्हा त्याच्यासाठी मुली बघणं थांबवा. तू त्या मुलाचं नावसुद्धा ऐकून न घेता फोन ठेवलास, आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. मग माझ्याकडे आलास. ताई, आपल्या घराण्यातली निम्मी लग्नं तू जमवलीस, माझंसुद्धा, आता एवढं एक पोरगं मार्गाला लाव, असं म्हणून स्थळांचं जाडजूड पाकीट माझ्या पर्समध्ये कोंबलंस आणि मला विमानात बसवलंस. वरुणची समजूत घालायची, तो मुलगा कोण ते हुडकून त्याला चार शब्द सुनवायचे आणि साखरपुड्याची तारीख घेऊनच परतायचं, अशी माझी कामगिरी होती. तिचं काय झालं ते आता शांतपणे वाच.

वरुण राहतो सिंगापूरच्या चोआ चू कांगला. (हे नाव म्हणताना आरतीतली झांज वाजवल्यासारखं वाटतं. मी दिवसातून दोनदा उगाच म्हणते.) तिघांनी मिळून भाड्यानं फ्लॅट घेतलाय. वरुण त्याच्या विद्यापीठात संशोधन करतो, धवल आणि सुबोध कॉम्प्युटरवाले. मी आल्याबरोबर तिघांवर नजर ठेवली. वरुणला सरळ विचारलं असतं तर त्यानं नाव सांगितलंही असतं; पण जोडी ओळखायला मला विचारावं लागत नाही, हे तुला माहीतच आहे. हा धवल म्हणजे बडबड्या, आणि त्याचं न् वरुणचं रोज वाजतं. एसी कितीवर ठेवायचा इथपासून बाहेर बांबूवर कपडे कुणी वाळत घातले इथपर्यंत. सुबोध मात्र गरीब गाय. मला बिनसाखरेचा चहा करून देणार, न विचारता माझी पिशवी धरणार, आणि जेवण झालं की गुपचूप भांडी घासणार. इतका गुणी मुलगा बघून मला राहवेना. मी तुझं ते पाकीट त्याच्यासमोर उघडलं, कारण वरुणनं नाही तर नाही, चांगली स्थळं वाया का जावीत? बिचाऱ्यानं एकेक फोटो दोन्ही हातांनी धरून पाहिला आणि छान आहेत सगळ्या, म्हणाला. वरुणला तेव्हा एवढा ठसका लागला की मी त्याची पाठ चोळली.

दिवसभर पोरं कामाला गेली की मी एकटी. समोरच्या दारात मिसेस लिम राहतात, माझ्याच वयाच्या, त्याही एकट्या. त्यांनी मला एक दिवस आत बोलावलं, पुढ्यात शेंगदाणे ठेवले आणि टीव्ही लावला. श्रीधर, तेव्हापासून मी ती राहिले नाही.

ती एक थाई मालिका आहे. (नाव मला म्हणता येत नाही, मिसेस लिमनाही येत नाही.) बँकॉकचं एक कॉलेज, त्यातले चार मित्र. इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे म्हणतात, पण कुणाच्या हातात पुस्तक मी पाहिलेलं नाही. आपला वरुण इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याचं तोंड कसं सुकलं होतं आठव. इथे परीक्षेच्या दिवशीही सगळ्यांचे केस जागच्या जागी. त्यातला एक नोप आणि दुसरा वित, आणि या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. सगळ्या कॉलेजाला ते ठाऊक आहे, कॅन्टीनवाल्या बाईला ठाऊक आहे, माझ्यासारख्या सबटायटल्स धापा टाकत वाचणारीलाही पहिल्याच भागात कळलं. फक्त त्या दोघांना ठाऊक नाही. एका भागात नोपनं वितच्या कपाळाला लागलेला रंग पुसला. तेवढं पुसायला अर्धा भाग गेला. एका बाजूनं दाखवलं, दुसऱ्या बाजूनं दाखवलं, मग हळूहळू दाखवलं, मध्ये नूडल्सची जाहिरात होऊन गेली, आणि जन्मभर कुकरच्या शिट्ट्या मोजत मालिका बघितलेली मी तोंडात शेंगदाणा तसाच धरून बसले होते.

मला नवल कशाचं वाटलं सांगू? त्या मालिकेत खलनायिका नाही. कटकारस्थान नाही, दुधात विष नाही, जिन्यावरून कुणी कुणाला ढकलत नाही. मोठ्या मुलाला लहान मुलगा 'पी' म्हणतो, म्हणजे दादा. (आपल्याकडे एकदा दादा म्हटलं की पुढे राखीच, तिकडे दादापासून सुरुवात होते!) सगळे येता-जाता एकमेकांना हात जोडून नमस्कार करतात. आणि इतके भाग लोक कशासाठी बघतात, तर हा त्याला मनातलं सांगेल का, एवढ्यासाठी. मी आयुष्यात इतकी लग्नं जमवली, गोत्र पाहिलं, पगार पाहिला, उंची पाहिली, मंगळ पाहिला. पण एका माणसाला दुसरा माणूस आवडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे इतकं जवळून आणि इतकं निवांत मी कधी पाहिलंच नव्हतं. मी अक्षरशः थक्क झाले. पुढे एका भागात वित आपल्या वडिलांना सांगतो. ते वडील दिसायला थोडे तुझ्यासारखेच, कपाळाला कायमची आठी. मी मिसेस लिमचा हात घट्ट धरला. वडील जेवत होते ते बाकावर थोडे सरकले आणि शेजारी जागा केली. मी तिथे ढसाढसा रडले, मिसेस लिम रडल्या, आणि उरलेले शेंगदाणे आम्ही त्यानंतरच संपवले. त्या दिवशी तुझी कामगिरी मी मनातल्या मनात सोडून दिली.

आता प्रश्न एवढाच उरला, की आपल्या वरुणचा नोप कोण? मिसेस लिमनी मालिकांचा नियम मला आधीच सांगून ठेवला होता, "आंटी, ऑलवेज फाइट, मीन्स लव्ह लाह!" (हे 'लाह' इथे वाक्याला शेपटासारखं लागतंच.) नोप आणि वितही सुरुवातीला मांजरांसारखे भांडायचे. म्हणजे झालंच की! रोज कुणाशी भांडतो आमचा वरुण? धवलशी. मी मनाशी म्हटलं, मधुमती, पोरं बिचारी घाबरून आहेत, तूच मोठ्या मनानं पहिलं पाऊल टाक. लग्नाआधी घरच्या माणसांनी केळवण करायचं ही आपली रीत. तेव्हा वरुणच्या घरचं पहिलं केळवण आत्यानं करायचं ठरवलं. लिटिल इंडियातून केळीची पानं, खवा, गजरे, रांगोळी आणि दोन शर्टपीस आणले. पिशव्या अर्थातच सुबोधनं उचलल्या. (पानं एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोडू नयेत म्हणून त्यानं सगळा प्रवास ती छातीशी धरून उभ्यानं केला, आणि मला मेलीला तरीही कळलं नाही!)

रविवारी दुपारी मी दोन पानांभोवती रांगोळी काढली आणि धवलला म्हटलं, तुझं केळवण आहे, बस. आता गंमत बघ. तो मुळीच दचकला नाही! त्यानं मला वाकून नमस्कार केला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, आत्या, तुम्हाला कसं कळलं, मी अजून फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बाळा, मला सगळं कळतं. शेजारच्या पानावर वरुणला बसवलं. वरुण माझ्याकडे बघतोय, धवलकडे बघतोय. मला वाटलं, लाजला. सुबोध आत पुऱ्या तळत होता, कारण तो नेहमी आतच असतो. मी दोघांना ओवाळलं, आहेर दिला आणि धवलला म्हटलं, आता नाव घे. त्यानं खणखणीत आवाजात घेतलं:

"एमआरटीच्या डब्यात खायला-प्यायला मनाई,
पोटभर जेवून नाव घेतो, बायको माझी जाई!"

मी विचारलं, जाई कोण? धवलनं लगेच फोन पुढे धरला. त्यात औंधची एक गोड मुलगी केव्हापासून हात जोडून बसली होती. दोघांचं लग्न ठरलंय, पुढच्याच महिन्यात, पुण्यात! मी निरांजन हातात घेऊन तशीच उभी. आणि मग, तोंडाला कुलूप घालणं मला कधी जमलंय, मी म्हणून गेले, अरे पण मग आमच्या वरुणचं काय?

वरुण पानावरून उठला. घाबरला होता, श्रीधर. तुझ्याशी बोलतानाही असाच घाबरला असणार, ते तुला फोनवर दिसलं नाही. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "आत्या, धवल नाही. हा." दारात सुबोध उभा होता, पुऱ्यांची चाळण हातात, नाकाला पीठ, आणि नजर जमिनीवर. ज्या मुलाला मी मुलींचे फोटो दाखवले होते, तोच.

मी चाळण त्याच्या हातातून घेतली आणि त्याला वरुणशेजारच्या पानावर बसवलं. (धवल आपलं ताट घेऊन आनंदानं सोफ्यावर गेला आणि तिथून जाईला एकेक पदार्थ दाखवत जेवला.) तिसरा आहेर नव्हता, म्हणून वरुणचाच शर्टपीस सुबोधला दिला. ओवाळलं. आणि सवयीनं म्हणून गेले, नाव घे. त्याचे कान लालबुंद झाले. बराच वेळ यमक शोधत होता. मग शोधणं सोडून दिलं आणि म्हणाला, "वरुण." बस, एवढंच. आजवर किती उखाणे ऐकले असतील मी. पण नाव इतकं जपून घेतलेलं पहिल्यांदाच ऐकलं. मला रडू आवरेना. पुऱ्या थंड झाल्या त्या झाल्याच.

तर अशी तुझी कामगिरी फसली आणि माझी झाली. जोडी चांगली आहे. मी जमवलेली नसूनही चांगली आहे, हे लिहायला मला किती जड जातंय ते तूच जाण. नीताला आशीर्वाद. थंडीत गुडघ्याला तेल लावत जा, आणि डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

तुझीच,
मधुताई

ता. क. स्थळांचं पाकीट सोबत परत पाठवते आहे. मिसेस लिमना सगळ्या मुलींच्या साड्या फार आवडल्या.

ता. क. मी एवढ्यात परत येत नाही. मालिकेचा दुसरा सीझन आहे आणि त्यात उरलेल्या दोन मित्रांचं व्हायचंय. ते दोघं भांडत नाहीत, त्यामुळे मला फार काळजी वाटते.

ता. क. वर 'आता शांतपणे वाच' असं लिहिलं, ते चुकलंच, कारण हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. धवलच्या लग्नासाठी ही जोडी आज सकाळीच पुण्यात उतरली आहे. तुझ्या हातात पाकीट देऊन जो मुलगा जिन्यात थांबलाय, तो कुरिअरवाला नव्हे. त्याला म्हटलं होतं, काकांचं वाचून होईपर्यंत हलायचं नाही. आणि तो हलणार नाही, मी ओळखून आहे. वरुण एक मजला खाली कठड्याला धरून उभा आहे, वर यायचा धीर होत नाही त्याला. नीताला पोहे टाकायला सांग. दार मात्र तू उघड.