ज्याच्या घरचं माणूस

दि. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. उशिरा लिहितेय म्हणून तोंड फुगवू नकोस. तुझी ताई दवाखान्याच्या संचालक मंडळावर निवडून आली. बाबांनी गल्लीतल्या लोकांना गोळा करून सहकारी दवाखाना उभा केला, त्याच्या टेबलाशी आता मी बसणार. आईला सांगितलं, तर म्हणाली की मग आधी तिथल्या बाथरूमची कडी बसवून घे.

आई ठीक आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शाळेत जाताना तिला सोडते, मधल्या सुट्टीत डोकावते, येताना घेऊन येते. दवाखाना चालत जाण्याजोगा आहे म्हणून सगळं निभतं. मशीनच्या खोलीत तिनं दरबार भरवलाय. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना सुनेशी कसं वागावं ते शिकवते, स्वतःला सून नसताना. हा टोमणा कुणाला आहे ते तुला कळलं असेलच.

काळजी एकच. अध्यक्ष झालेले आपले वकीलकाका म्हणतात की डायलिसिस बंद करून त्या खोलीत तपासणी केंद्र काढू. म्हणजे धडधाकट माणसं यायची, आपण धडधाकट आहोत हे ऐकून घरी जायची. मार्चच्या बैठकीत ठराव येतोय. पण आम्हा नऊ जणांपैकी चौघांच्या घरचं माणूस त्या मशीनवर आहे, आणि बेकरीवाले बाबांचं नाव निघालं तरी डोळे पुसतात. पाच झाले. ठराव पडणार, तू निश्चिंत राहा.

लोभ आहेच, त्यावर धूळ बसू देऊ नकोस.

तुझी ताई


दि. २१ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. संचालक बाईंचं पत्र पोचलं. वर्गात फळा पुसायला पोरांना उठवतेस तसं तिथे वकीलकाकांना उठवू नकोस म्हणजे झालं.

पण एक सांगू? बाबांचा नियम विसरलीस की काय? ज्याच्या घरचं माणूस, त्यानं उठायचं. आत्तेभावाच्या नोकरीचा विषय मंडळात निघाला तेव्हा बाबा स्वतः उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते, आणि आत्या पुढे वर्षभर आपल्याकडे फिरकली नव्हती. तो नियम नोकऱ्या आणि कंत्राटांसाठी होता हे मलाही कळतं. पण वकील माणूस आहे, नियमाचं काय करील सांगता येत नाही. नाहीतर तू बाकावर आणि ठराव आत, असं व्हायचं. थट्टा करतोय, मनाला लावून घेऊ नकोस.

आईला म्हणावं, माझ्याकडे ये. येणार नाही हे माहीत आहे, तरी म्हणावं.

माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही? थट्टेत लिहिलंस आणि अक्षर न् अक्षर खरं झालं.

ठराव वाचून झाला. मी बोलायला तोंड उघडलं, तर वकीलकाकांनी चष्मा पुसत नियमावली पुढे ओढली. ज्यांच्या घरचं माणूस या मशीनवर आहे त्यांनी कृपया बाहेर थांबावं, म्हणाले. मी म्हटलं, काका, हा सभासदांचा दवाखाना आहे, आजारी पडतो म्हणूनच आपण सभासद झालो. मग तर सगळ्यांनीच उठायला हवं. त्यावर ते अगदी मायेनं म्हणाले की तुझे बाबा असते तर सगळ्यांत आधी उठले असते.

आणि मी मूर्खासारखी उठले. त्यांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तर खुर्चीला चिकटून बसले असते. बाबांचं नाव घेतलं आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळले. मागोमाग दोघं आले. शेवटी टेलरमामा. त्यांची मशीनवरची बहीण नवऱ्याच्या नावावर सभासद आहे, आता भावाकडे राहते, हे मंडळात माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर आत आपल्या बाजूनं कुणी बोललं तरी असतं. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि बाहेर आले. इतकी प्रामाणिक माणसं आपल्याच वाट्याला कशी येतात? मला त्यांचा राग आला, अजूनही आहे.

बाकावर आम्ही चौघं शेजारी शेजारी, केसपेपरसाठी बसतात तसे. आत उरलेल्या पाच जणांपैकी एकानंही ती खोली आतून पाहिलेली नाही. निकाल पटकन लागला. बेकरीवाल्यांना विरोधात एकटाच हात वर करणं बरं वाटेना, म्हणून त्यांनी तो बाकीच्यांच्या बरोबरच वर केला. नंतर माझ्याजवळ येऊन डोळे पुसले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. नंबर पहाटेचा मिळालाय. माझी शाळा आहे, तिचे गुडघे आहेत, कसं जमवायचं ते मला सुचत नाही.

तुझी माणसं इथे आहेत हे ध्यानात असू दे.

ताई


दि. २ जून

चि. बाळास,

आईचे अनेक आशीर्वाद. ताईच्या पत्रात सगळं कडूच असतं म्हणून आज मी लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर सुईला दोष दे, टोचलेल्या हातानं लिहितेय.

नवी जागा फार स्वच्छ आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. नर्स मला आजी म्हणते आणि तोंडाकडे न बघता निघून जाते. दोन बसेस बदलून जायचं, येताना गाडीत मळमळतं, ताई पिशवी धरून उभी असते. मग तिला शाळेत उशीर होतो आणि मुख्याध्यापिका ऐकवतात. त्यामुळे मधूनमधून मी जातच नाही. ताई फार रागावते, ओरडते, परवा रडली. मी म्हटलं, एक खेप चुकल्यानं काही आभाळ कोसळत नाही.

तिला बाबांवरून बोलू नकोस. ते त्या बाकावर बसायचे ना, तेव्हा मीच मिरवायचे की माझा नवरा बघा कसा सरळ आहे. आता वाटतं, एकदा तरी आत बसून आपल्या माणसासाठी भांडायला हवं होतं त्यांनी.

जेवत जा. आठवण काढतोस ती कळवतही जा.

आई


दि. १४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तू परत गेल्यावर घर खायला उठतं. आईची खुर्ची तू भिंतीकडे वळवून ठेवली होतीस, मी पुन्हा सरळ केली. डॉक्टर म्हणाले की डायलिसिसच्या खेपा चुकायला नको होत्या. हे मला कुणी सांगायला नको होतं.

काल बैठक होती. पहिला विषय आईच्या शोकठरावाचा. वकीलकाका उठून माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले की विषय तुझ्या घरचा आहे, तेव्हा नियमाप्रमाणे तेवढा वेळ बाहेर थांब. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. पण ते खरोखर म्हणाले होते. माझ्या आईचं दुःख माझ्याशिवाय, एकमतानं करायचं होतं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की तुम्हाला लाज वाटायला हवी. मग बाहेर जाऊन बाकावर बसले. आत सगळे उभे राहिले तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

परत बोलावल्यावर मी माझा ठराव मांडला: मशीनं अजून गोदामात झाकून ठेवलेली आहेत, ती पुन्हा सुरू करा. टेलरमामा कुणी सांगायच्या आत उठले. त्यांची बहीण अजून त्या दोन बसेस करते. त्यांच्यामागून बाकीचे दोघं गेले. सवयीनं मीही खुर्ची मागे सारली, तर वकीलकाकांनी हातानं थांबवलं. तू बसू शकतेस, म्हणाले, तुझ्या घरचं आता कोणी नाही.

बसले. जितकं बोलता आलं तितकं बोलले, कुणी मधे अडवलं नाही. हात माझा एकटीचाच वर होता. बेकरीवाल्यांनी डोळे पुसले.

राजीनामा दे असं लिहू नकोस, देणार नाही. दर बैठकीला हाच ठराव आणणार आहे. मला उठवायला आता त्यांच्याकडे काही उरलेलं नाही.

पत्र पाठवत जा, या घरात ते उघडणारी मी एकटीच आहे.

तुझी ताई,
मतदानास पात्र