न पोचवलेला अर्ज

जुना जालना,
दि. ३ ऑक्टोबर १९९९, रविवार

प्रिय दुर्गा,

नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तूही पुण्यात तब्येत सांभाळून असशील. तुझी तीन पत्रं मिळाली. तिन्हींना उत्तर दिलं नाही. कामाची गर्दी होती असं लिहिणार होते. पण औरंगाबादच्या नर्सिंग होस्टेलात तू माझ्यासोबत दोन वर्षं एका खोलीत काढलीस आणि नंतर पाच वर्षं एका गाडीत. गर्दी असली की मी उलट जास्तच बोलते, हे तुला कुणी सांगायला नको. तेव्हा ते राहू दे.

आधी बातम्या. आपली मॅटाडोर अजून पळते. आपल्या ड्रायव्हरने, मच्छिंद्रने, तिला नवा हॉर्न बसवलाय. तो वाजला की कुंभार पिंपळगावच्या बाजारात शेळ्या दाव्याला हिसके देतात. गाडीवरची पाटी रंगवून घेतली, तर पेंटरने 'सेवा'च्या जागी 'सेना' करून ठेवलं. दोन दिवस आम्ही 'फिरती रुग्णसेना' म्हणून गावोगाव हिंडलो. एका गावात पोलीस पाटलाने गाडी थांबवून विचारलं, "सभा कुठंय?"

तुझ्या जागी अंबडच्या उषाबाई येतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या सिस्टर. ड्रेसिंगला हात पक्का, पण जेवणानंतर तासभर त्यांना शोधू नये. डॉक्टरसाहेब नेहमीप्रमाणे मंगळवारी अंबडला गाडीवर येतात, औषधांच्या चिठ्ठ्या लिहून देतात, आणि बाकीचा आठवडा आम्ही त्यांवर चालवतो. आता बावीस गावं झाली. बाळंतिणींची तपासणी, अंथरुणावरची म्हातारी माणसं, बीपी, शुगर. पुष्कळ काम आहे.

झुंबरबाईने तुला निरोप सांगितलाय. परवा मी तिला इंजेक्शन दिलं तर म्हणते, "ती लंबी सिस्टर कवा येनार? तिचा हात हलका व्हता. तुमी सुई टोचून राह्यल्या का खिळा ठोकून?" सगळी ओसरी हसली. मीही हसले.

आता फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. ती तेव्हाच कळवायला पाहिजे होती.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही अंबडकडे परतत होतो. अंकुशनगरच्या बाजूने एक बैलगाडी आली आणि रस्त्यात आडवीच लावली. गाडीवान ओरडला, "बाई, जल्दी उतरा! बायकू अडली!" तो राधाकिसन. ऊसतोडीला आलेला. गाडीत उसाच्या पाचटावर त्याची बायको सखूबाई झोपलेली, ओठ दातांखाली धरून. त्यांच्या पाचटाच्या झोपडीवरून, कोपीवरून, दोन कोस ती तशीच गचके खात आली होती. दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. आपल्या मॅटाडोरमध्येच मोकळी झाली. उषाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मच्छिंद्र दाराला लुगडं धरून उभा, तोंड शेताकडे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला "चला पुढं, चला पुढं" करत होता. मुलगी झाली. अशी खणखणीत रडली की बैल दचकले. पुढे दोघींना डॉक्टरांकडे नेऊन दाखवलं. दोघी सुखरूप.

सखूबाई मला म्हणाली, "बाई, नाव तुमीच सांगा." मी तुझं नाव सांगितलं.

राधाकिसन खूश होता, पण जाता जाता बोलला, "तुमची गाडी कोप्यांवर येत असती तर हिचे असे हाल झाले नसते बगा. येत का न्हाई तुमी?"

मी पेटी आवरून गाडीत चढले. घरी आले, पण जेवले नाही. यांनी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

दुर्गा, कोप्यांवर गाडी न्यायची कल्पना तुझी. मागच्या साली जुलैत तू अंकुशनगरच्या साखर कारखान्याला तसा अर्ज लिहिलास, पाकिटात घातलास आणि माझ्या हातात दिलास. "तू अंबडला चाललीच आहेस, तर पुढं कारखान्यावर देऊन ये." मी संध्याकाळी येऊन सांगितलं, "दिला बरं का."

तू सहा महिने उत्तराची वाट पाहिलीस. पोस्टमन दिसला की गाडीतून मान बाहेर काढायचीस. शेवटी एक दिवस म्हणालीस, "कौसे, आपल्याला कोणी मोजत न्हाई. मी पुण्याला जाते." आणि जानेवारीत गेलीस.

कारखान्याने नकार दिलाच नव्हता. अर्ज त्यांच्याकडे गेलाच नव्हता. मी तो दिला नाही. माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवला.

मला भीती वाटली, असं मी स्वतःला सांगत आले. ऊसतोडीच्या एवढ्या टोळ्या, एवढी माणसं, आपली एक गाडी, काही चुकलं तर काय करायचं. भीती वाटली हे खरं आहे, पण ते अर्धंच. बसमध्ये मी पाकीट उघडून अर्ज वाचला. 'प्रमुख: दुर्गाबाई. मदतनीस: कौसल्या.' सरकारी नोकरी आपण दोघींनी एकाच दिवशी सोडली होती. गाडी दोघींनी मिळून घेतली होती. तो एक शब्द मी अंबड येईपर्यंत वाचत राहिले. स्टँडवर उतरले, कारखान्याकडची गाडी समोर उभी होती. तिच्यात बसले नाही. उलट्या बसने घरी आले.

तुला सोडायला स्टेशनवर आले तेव्हाही सांगता आलं असतं. मी तुला डबा दिला.

मागच्या महिन्यात अंकुशनगरजवळ आपलं चाक पंक्चर झालं. कारखान्याचे कामगार अधिकारी मोटारसायकलवरून चालले होते, ते थांबले. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या त्या दुर्गाबाई मागल्या साली आमच्याशी बोलून गेल्त्या. आम्ही वाट पाहिली, कागदच आला न्हाई." मच्छिंद्र जॅक फिरवता फिरवता थांबला. "बाई, तुमी तर दिल्ता ना?"

"न्हाई दिला," मी म्हणाले. दुर्गा, एवढंच बोलायला मला चौदा महिने लागले. मच्छिंद्रने चाक बसवलं आणि जालना येईपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोच अर्ज घेऊन कारखान्यावर गेले. त्या अधिकारी साहेबांना खरं ते सांगितलं. ते अर्ज वाचून म्हणाले, "कागद चांगला लिहिलाय. तारीख तेवढी बदलून द्या." मी फक्त तारीख बदलली. 'मदतनीस' तसंच राहू दिलं. परवा मंजुरी आली. या हंगामात आठवड्यातून तीन दिवस गाडी कोप्यांवर जाईल.

करार तुझ्या नावाचा आहे. सोबत पाठवते आहे. सही तुझी लागते. तुझ्या जागी मी सही करणार नाही. तुला यायचं नसेल तर कागद कोरा परत पाठव, मी साहेबांना स्वतः जाऊन सांगेन. आलीस तर तू म्हणशील ते काम करीन.

तुझी म्हणवून घ्यायला आता तुलाच विचारावं लागेल, अशी,
कौसल्या

---

पुणे,
दि. १२ ऑक्टोबर १९९९

कौसे,

पत्र गुरुवारी मिळालं. चार दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी तोंडाने दिल्या. माझ्या खोलीतली केरळची सिस्टर विचारते, "मराठीत प्रार्थना म्हणतेस का?"

इथे मी वॉर्डची इन्चार्ज आहे. तीस खाटा, आठ नर्सेस. सगळे मान देतात. तरी नऊ महिने रोज मला वाटायचं, ही माणसं फसलीत, मी काही मोठं काम करण्याजोगी बाई नाही. हे माझ्या डोक्यात तू घातलंस. त्याबद्दल तुझं काय करू ते अजून ठरलेलं नाही.

आता माझं ऐक. 'कागदावर एकाच नावाला जागा होती' असं तुला लिहिणार होते. लिहिलंही, मग फाडलं. अर्ज कोऱ्या कागदावर मीच लिहिला होता, दहा नावं मावली असती. मला प्रमुख व्हायचं होतं. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. पाकीट तुझ्याच हातात दिलं, बंद करून, तू उघडणार नाहीस म्हणून.

करारावर सही केलेली नाही. परत पाठवते आहे, पण कोरा म्हणून नव्हे. दोघींच्या नावाचा नवा करून घे, दोन्ही नावांपुढे 'संचालिका' लिहून घे, आणि साहेब कुरकुरले तर मी आल्यावर बोलते. इथे महिन्याची नोटीस दिलीय. मेट्रनबाई रागावल्या, मग त्यांनीच विचारलं, तुमच्या त्या गाडीला आणखी नर्सेस लागतात का? म्हटलं, लागतील.

मुकादमांकडून टोळ्यांची यादी घेऊन ठेव. गरोदर बायका किती, किती महिन्यांच्या, सगळं लिहून घे. उषाबाईंना सांग, कोप्यांवर दुपारची झोप चालणार नाही. मच्छिंद्रला सांग, बाईंशी अबोला पुरे झाला, रागवायचं काम मी बघते.

तुला माफ केलं असं समजू नकोस. तूही मला इतक्यात करू नकोस. हंगाम सहा महिन्यांचा आहे, गाडीत समोरासमोर बसायचं आहे. भांडू, रडू, कामं करू.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सकाळच्या गाडीने जालन्याला उतरते. स्टेशनवर ये. या वेळी डबा नको, बोलायला ये.

अजून चिडलेली, आणि तुझीच,
दुर्गा