तिसऱ्या खेपेचा पेला

प्रिय उशीरबाई,

तुझ्या पेल्यावर अजून हेच नाव आहे, म्हणून तेच लिहिलं. त्या दिवशी दारात चपला घालता घालता तू विचारलंस, "आई, सह्या करायला याल ना तुम्ही?" आणि एरवी जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही ती मी, 'जिना सांभाळून उतर' एवढंच म्हणाले. तेव्हापासून कितीदा फोन उचलला आणि ठेवला. फोनवर माझा आवाज दगा देतो. कागदावर निदान नाक ओढलेलं ऐकू येत नाही.

आधी घरची बातमी. परवा बिअर बाटल्यांत भरली. हो, मी एकटीनं. माझा लेक पहिल्यांदा जवाचं पोतं घेऊन घरात शिरला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं, मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकघरात दारू गाळायची म्हणजे काय! आता शेजारची नर्स आणि खालचा न्हावी रिकाम्या बाटल्या माझ्याच दारात आणून ठेवतात, आणि मी खणखणती पिशवी घेऊन जिना चढते. बघणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. तपकिरी तेवढ्या ठेवते, कारण पांढऱ्या काचेत उजेड शिरून बिअर बिघडते. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा, ब्रश, आणि शेवटी प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी माझं नाक. या नाकामुळेच तर लेकानं माझ्या पेल्यावर 'इन्स्पेक्टर' कोरलं होतं.

लेबलं दुधानं चिकटवायची, हा त्याचा हट्ट तुला आठवत असेल. कागदाच्या पाठीला दुधाचा हात फिरवायचा आणि बाटलीवर दाबायचं. सुकलं की घट्ट बसतं, आणि बाटली पाण्यात टाकली की आपण होऊन सुटतं. तो गेल्यावर मी पहिल्यांदा बिअर केली, तेव्हा त्यानं लिहून ठेवलेली लेबलं कपाटात सापडली. ती सुटू नयेत म्हणून मी सुताराकडचा गोंद आणला. शहाणपणा कसला, नुसता वेडेपणा! पुढच्या खेपेला ती सुरीनं खरवडावी लागली. अक्षर तर गेलंच, वर काचेवर ओरखडे उठले. त्यातली एक बाटली भरल्यावर कपाटात फुटली, आणि मी फरशी पुसत बसून पोटभर रडले. तुला सांगितलं नव्हतं. तुझा नवरा गेलेला, तुझं तुला काय कमी होतं?

तर पेले. बाटलीला हिऱ्याच्या कटरनं गोल रेघ मारायची, तिच्यावर आळीपाळीनं उकळतं आणि गार पाणी ओतायचं, की मान अलगद वेगळी होते. मग ओठ कापू नये इतकी कड घासायची. घासणं माझ्याकडे असायचं, नाव कोरणं त्याच्याकडे. आणि घराचे नियम दोन. माणूस पहिल्यांदा आला तर पाहुणा, दुसऱ्यांदा आला तर ओळखीचा, तिसऱ्यांदा आला की त्याला नावाचा पेला. दुसरा नियम, पेला घराबाहेर जाणार नाही, ज्याला त्यातून प्यायचंय त्यानं इथं यायचं. तू तुझा पेला घ्यायला चांगली तासभर उशिरा आलीस आणि जन्माचं नाव लावून घेतलंस.

तुझा चष्मेवाला पहिल्यांदा आला तो माझ्या चष्म्याची दांडी बसवायला. पैसे घेतले नाहीत, चहा घेणार का विचारलं तर म्हणाला, चालेल. साखर कमी पडली तरी चालेल. दुसऱ्यांदा तुम्ही दोघं लग्नाचं सांगायला आलात. मला त्रास नको म्हणून बिचारा स्वतःच पाणी घ्यायला उठला आणि फळीवरचा हाताला लागेल तो पेला घेतला. तो नेमका माझ्या लेकाचा निघाला. मी त्याच्या हातातून काढून घेतला, पाणी ओतून टाकलं आणि स्टीलचं भांडं पुढे केलं. तेव्हाही तो चालेलच म्हणाला. तुझा चेहरा एवढासा झाला. खरं सांगू? त्या माणसाचा मला राग आला नव्हता गं. तो पेला इतक्या दिवसांनी भरलेला दिसला, ते मला सोसलं नाही.

लेकाच्या शेवटच्या खेपेतली एक बाटली मी ठेवली होती, तुला ठाऊक आहे, पिठाच्या डब्यामागे. तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी ती उघडली. फेस नाही, काही नाही, चवही उतरलेली. तरी 'इन्स्पेक्टर'मधून घोट घोट करत सगळी प्यायले आणि एकटीच हसले, कारण त्यानं असली बिअर मला कधी पिऊ दिली नसती. मग बाटली पाण्यात ठेवली. लेबल दुधाचं होतं, अख्खं सुटलं. ते जाड पुस्तकात दाबून ठेवलंय, तुला हवं तर तुझं. बाटली वास घेऊन तपासली, एक ओरखडा नाही. परवा ती सगळ्यात आधी भरली.

मी येणार आहे. सह्या करायला मी येणार आणि ती बाटली घेऊन येणार, तोवर ती तयार होईल. साक्षीदार कमी पडत असेल तर माझं अक्षर अजून चांगलं आहे. पण हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलेलं नाही. गेला आठवडाभर मी एक कड घासत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नाव कोरलं, तेही तुझ्या चष्मेवाल्यानंच नीट केलेल्या चष्म्यातून. 'चालेल' असं लिहिलंय. शेवटचा 'ल' जरा घसरलाय, हसू नका. फळीवर लेकाच्या पेल्याशेजारी तो ठेवलाय. मी तो सह्यांच्या दिवशी आणणार नाही, नियम म्हणजे नियम. तेव्हा त्याला तिसऱ्यांदा घरी घेऊन ये. आणि वेळेवर ये गं, एकदा तरी.

तुझीच,
इन्स्पेक्टर