माझं पोट आणि सावनेरची पुरणपोळी

५ जानेवारी १९७६
रामदासपेठेत डॉक्टरकडे गेलो. तक्रार एकच, सकाळी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत जागचं हलत नाही. त्यांचं म्हणणं, जठराला स्वतःच्या नसा असतात. अन्न किती, तूप-तेल किती, हे पाहून त्या थोडं थोडं खाली आतड्यात सोडतात. तुपकट असलं की उशीर, मनाला घोर लागला की आणखी उशीर. तुम्हाला कसला घोर आहे, असं विचारलं. लेकीचं, चंद्रकलाचं लग्न जमत आलंय, मला कसला घोर? काही नाही म्हटलं.
कमी तुपाचं खा म्हणाले. ऑफिसात मी सगळे क्लार्क सरळ केलेत. माझ्याच पोटातल्या नसा माझं ऐकणार नाहीत?

७ जानेवारी
अठरा तारखेला सावनेरला नवऱ्या मुलाच्या घरी जेवण. मुलाचे आजोबा दादाजी तिरसट आहेत. मागे एका मुलीच्या बापानं ताटात पोळी टाकली, तर त्याला घर पसंत नाही असं समजून त्यांनी बोलणीच मोडली. म्हणजे सगळं माझ्या पोटावर. ट्रेनिंग उद्यापासून.

११ जानेवारी
ट्रेनिंगचा चौथा दिवस. तुपाची सवय लागली की नसा तुपाला घाबरणार नाहीत. वरणावर तूप, भातावर तूप. दुपारी पोटाला मोठ्यानं हुकूम दिला, सोड! बायको, सुभद्रा, स्वयंपाकघरातून म्हणाली, कोणाशी बोलून राहिले?
संध्याकाळी करपट ढेकर. प्रगती आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ. तिळातही तेल असतं, हे डॉक्टरनं आधी सांगायला हवं होतं.

१७ जानेवारी
आज उपास करणार होतो. चंद्रकलानं वांग्याचं भरीत केलं. म्हणाली, बाबा, आता किती दिवस खासान माह्या हातचं? खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त होती.

१८ जानेवारी, संध्याकाळ
निघताना पोहे खाल्ले. पोट जागं राहावं म्हणून, हा डावपेच होता. सावनेरला ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. एक गेली. दुसरी अर्ध्यावर अडली. हुकूम दिला, विनंती केली, शेवटी मनातल्या मनात पोटाच्या पायाही पडलो. अर्धी पोळी ताटातच.
दादाजींनी विचारलं, काहून, घर पसंत नाही का? तोंड उघडायची सोय नव्हती. सुभद्राच आतून म्हणाली, घर पसंत हाय जी, पोरगी जाते म्हणून यायच्या पोटात अन्न हलून नाही राहिलं. दादाजींनी उठून माझं ताट स्वतः उचललं. म्हणाले, मीही लेकी सासरी धाडल्या हाय. फेब्रुवारीतली तारीख ठरली.
सुभद्रानं वेळ निभावली, पण कारण साफ खोटं. तूपच जड होतं.

२० जानेवारी
लग्न ठरलं, आता पोट ताळ्यावर यायलाच हवं. चंद्रकला जेवायला बोलवायला आली. सकाळचं अजून पोटात तसंच आहे, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, सकाळी तुम्ही जेवलेच कुठी? ताट झाकून हाय.
जाऊन पाहिलं. खरंच झाकलेलं होतं.
पोरगी जाते, याचाच घोर आहे. डॉक्टरनं आणखी एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं.