बांधावरची हरळी

नाशिक, १२ ऑगस्ट १९९१

तीर्थरूप दादांना,
नाशकाहून तुमच्या उषीचा दंडवत.

तुम्ही मला घरी न्यायला येणार, असं काकाचं पत्र आलं. नर्सिंगच्या परीक्षेत मी नापास झाले, हे खरं हाये. पण जेवण बराबर हाये, अन् मी परत अभ्यास करून राह्यले.

काल मॅडम म्हणाल्या, "उषा, फार चिवट आहेस तू." मला हसूच आलं. तुम्ही तर हरळीला चिवट म्हणून शिव्या देता. तुम्ही खांदून बांधावर फेकलेली हरळी तिथंच रुजली. मंग राजूरच्या गणपतीला तिच्याच दुर्वा नेल्या.

आईचा गुडघा कसा हाये? मला कधीमधी रडू येतं, ते तिला सांगू नका.

दादा, इतकी वर्सं उपटून तुम्हाला हरळी हटली न्हाई. मंग माझ्यासाठी गाडीभाडं कशाला घालता?

तुमचीच,
उषी